मानेतली नळी आणि अळणी पेज

अजूनही लोक येतात. धाटावच्या कुठल्या तरी कंपनीतला कुणी मोटरसायकलवरून पडलेला असतो, कुणाच्या वडिलांना झटका आलेला असतो, आणि त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की रोह्याच्या शालनताईंना विचारा, त्यांच्या घरी असंच झालं होतं. मग ती माणसं माझ्या ओट्यावर बसतात. समोर ठेवलेला चहा घेत नाहीत. आणि सगळी एकच विचारतात, "माणूस पहिल्यासारखा होतो का हो?"

याचं उत्तर मला एका चहाच्या वेळात देता येत नाही, म्हणून लिहायला बसले. मी डॉक्टर नाही, बालवाडी चालवते. स्वभावाने पहिल्यापासून घाबरट. धीर कसा धरावा हे माझ्याकडून शिकायला जाऊ नका, मला तो कधी धरताच आला नाही. घाबरत घाबरतसुद्धा निभावता येतं, एवढंच मी सांगू शकते.

शेंगांची पिशवी

माझं माहेर रोह्याच्या आतल्या बाजूचं. भात निघालं की त्याच ओलीवर वाल पेरायचे, असं आमचं चालतं. सासर पेण ओलांडून खाडीकडे उतरलं की लागतं. तिथे मिठागरं. आमचे हे, मधुकर, घरातले पहिले मिठागर सोडून कंपनीत लागलेले, म्हणून आम्ही दोघं रोह्यात खोली घेऊन राहत होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. घरात फोन नव्हता, पण दारात स्कूटर होती आणि तिचं आम्हाला भारी कौतुक होतं.

थंडीचे दिवस होते. माझ्या वडिलांनी वालाच्या कोवळ्या शेंगा पिशवी भरून पाठवल्या होत्या. ह्यांची सकाळची शिफ्ट संपली आणि ते ती पिशवी स्कूटरच्या पुढ्यात ठेवून आईकडे निघाले, पोपटी लावायला. आमच्याकडे हिवाळ्यात पोपटी लागली नाही तर वर्ष फुकट गेलं असं वाटतं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, पुन्हा पाला, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ करायचा. त्या पाल्याचा वास शेंगेत उतरतो. मी नेहमीसारखं "हळू जा" म्हटलं आणि त्यांनी नेहमीसारखं ऐकलं नाही.

गडबजवळ हायवेवर ट्रकमधून खडी सांडली होती, तिच्यावरून स्कूटर घसरली. तिथल्या दुकानदारांनीच ह्यांना उचलून टेम्पोत घातलं आणि पेणला नेलं. मला निरोप आला की "थोडं लागलंय". कुणी "थोडं लागलंय" असं सांगत आलं तर कपड्यांची पिशवी भरूनच निघा.

पेणच्या डॉक्टरांनी डोक्याला पट्टी बांधली आणि ताबडतोब मुंबईला न्यायला सांगितलं. माझ्या हातात ह्यांचे बूट आणि शेंगांची पिशवी देण्यात आली. पिशवीतली एक शेंगसुद्धा चिरडली नव्हती. मला त्या पिशवीचा इतका राग आला की तिथेच कुणालातरी देऊन टाकली. सासूबाई गावाहून धावत आल्या होत्या. ह्यांना गाडीत चढवलं तेव्हा त्या बाजूला उभ्या राहून डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं, रडतायत.

आत गेलेलं आणि परत आलेलं

मुंबईच्या हॉस्पिटलात आमच्या वाट्याला एक तरुण डॉक्टरीण आली. तिला सगळे मॅडम म्हणायचे. तिने सांगितलं, मेंदूला मार लागलाय, सूज आहे, श्वास मशीनवर ठेवलाय.

"जगतील ना?" मी विचारलं.

"आत्ता मी हो म्हणणार नाही. नाही पण म्हणणार नाही."

मला तिचा संताप आला. एवढं शिकून हे उत्तर? नंतर कितीतरी जणांनी मला "काळजी करू नका" म्हटलं आणि त्यातल्या एकाचाही मला उपयोग झाला नाही. तिच्या त्या वाक्यावर मात्र मी टेकू शकले.

दुसऱ्या दिवशी आत गेले तर ह्यांच्या मानेत एक बारीक नळी.  डोक्याला लागलंय तर मानेत काय करतायत? मॅडमनी सांगितलं, आणि मी ते त्यांच्याच शब्दांत सांगते, कारण मला तेवढंच समजलं.

"मनगटातून घेतलेलं रक्त म्हणजे मेंदूकडे निघालेलं. मानेतून घेतलेलं म्हणजे मेंदूकडून परत आलेलं. जाताना त्यात ऑक्सिजन किती होता, साखर किती होती आणि येताना किती उरली, हे आपण बघायचं. जे कमी झालं ते मेंदूने वापरलं. फार उरलं तर मेंदू घेतच नाहीये. फारच थोडं उरलं तर त्याला पुरत नाहीये, तो ओरबाडून घेतोय."

सासूबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "म्हंजी भरतीला पानी किती आत आलं नि ओहोटीला किती भायेर गेलं, तसं."

"हो आजी, तसंच," मॅडम म्हणाल्या.

मला तेव्हा भरती-ओहोटी सुचत नव्हती. मला एवढंच कळलं की हा माणूस आत जिवंत आहे की नाही, ते आता मानेतून येणारं रक्त सांगणार. डोळे सांगत नव्हते. हात दाबला तर हात सांगत नव्हता.

मशीनचा आवाज

ज्यांचं माणूस आत आहे त्यांना बाहेरचा बाक ठाऊक असतो. आमच्या बाकावर सिन्नरची एक बाई होती, तिच्या मुलीला मेंदूत रक्तस्राव झाला होता. आम्ही दोघी एकमेकींना "आज कसा आहे आकडा?" असं विचारायचो. आकडा म्हणजे मानेतल्या रक्तात उरलेल्या ऑक्सिजनचा; दोघींच्याही माणसांचा तो कमीच होता, म्हणून वर चढला की बरं. सिस्टर नळीतून रक्त घेऊन गेली की परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. आकडा बरा आला की चहा प्यायचा. खाली आला की चहाकडे बघवत नाही. स्वतःची भूक मी त्या आकड्याला बांधून टाकली होती.

एके सकाळी आत गेले तर श्वासाच्या मशीनचा आवाज बदललेला. आदल्या दिवसापर्यंत ते भराभर चालत होतं, आता संथ.  मला वाटलं, यांनी आशा सोडली आणि आता मशीन हळूहळू बंद करत आणलंय, म्हणजे आम्हाला एकदम धक्का बसायला नको. मी दारातच मटकन खाली बसले. सिस्टरने मॅडमना बोलावून आणलं.

मॅडमनी मला उठवून खुर्चीवर बसवलं. सूज उतरावी म्हणून श्वास मुद्दाम भराभर ठेवला होता. पण मानेतल्या रक्तावरून दिसलं की तेवढ्या भराभर श्वासाने मेंदूकडे रक्तच कमी जातंय, त्याची उपासमार होतेय. म्हणून वेग उतरवला. "तुम्हाला वाटलं ते उलटं आहे," त्या म्हणाल्या. "आज त्याला जास्त मिळतंय."

त्या दिवशी आकडा वर आला. मी सिन्नरच्या बाईला चहा पाजला. तिच्या मुलीचा आकडा काही वर येत नव्हता आणि तरीही ती माझ्यासाठी हसली. हे मी विसरणार नाही.

पेज

नाकातून पोटात घातलेल्या नळीवाटे ह्यांना पातळ अन्न जायचं. ते नातेवाइकांनी आणायचं असे. हॉस्पिटलजवळ सासूबाईंच्या भाचीची खोली होती, तिथे त्या भाताची पेज करायच्या, गाळायच्या आणि थर्मासमधून आणायच्या. त्या कामाला त्यांनी मला हात लावू दिला नाही. "तू त्याच्याजवळ बस गो," एवढंच म्हणायच्या. मला ते बरंच होतं.

मग मॅडमनी आम्हा दोघींना बोलावून सांगितलं की ह्यांच्या रक्तातलं मीठ उतरतंय. डोक्याला मार लागलेल्यांचं असं होतं. मीठ उतरलं की मेंदूची सूज वाढते. सलाईनमधून देतोय, पण पेजेतही घाला. किती घालायचं ते त्यांनी चमच्याने दाखवलं.

"व्हय व्हय," सासूबाई म्हणाल्या.

मिठागरातल्या बाईला मीठ घालायला दोनदा सांगायचं असतं का? माझ्या मनातही आलं नाही.

पण मीठ काही चढेना. सलाईन बदललं, तरी चढेना. ह्यांचा चेहरा फुगल्यासारखा दिसायला लागला आणि मानेतला आकडा पुन्हा घसरायला लागला. मॅडम कागद बघत उभ्या राहायच्या, कपाळाला आठ्या. एका दुपारी त्यांनी सांगितलं, उद्या सकाळपर्यंत असंच राहिलं तर कवटीचा तुकडा काढून मेंदूला जागा करून द्यावी लागेल. सही करून ठेवा. मी सही केली. अक्षर माझं नव्हतंच ते.

मी बाकावर येऊन बसले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. सासूबाईंनी थर्मासच्या झाकणात उरलेली पेज ओतून माझ्यापुढे धरली. "दोन घोट घे. तू पडलीस तर मी कुनाकुनाकडं बघू?"

मी घोट घेतला. पेज अळणी होती. नुसती कमी मिठाची नव्हे, मिठाचा कणही नव्हता.

"आई, मीठ विसरलात?"

त्या पायांकडे बघत राहिल्या. खारट पाण्यात उभं राहून राहून त्यांच्या टाचांना खोल भेगा पडल्या आहेत.

"विसरले नाय गो. सोडलंय."

"कुणी सोडलंय?"

"मी. पेनला तुमी त्याला गाडीत घातलात ना, तवाच गावदेवीला बोलले. माजा मधू डोळं उघडंल तवर मीठ खानार नाय." त्यांनी पदराची गाठ दाखवली. गाठीत मिठाचा एक खडा होता. घरून निघताना हातात आला तो तसाच नवसाचा म्हणून बांधलेला, लुगडं बदललं की दुसऱ्या पदरात जायचा.

"तुम्ही सोडलंत ना? पण त्यांच्या पेजेत का नाही?"

"नवस त्याच्या नावाचा. मी खायाचं नाय नि त्याच्या पोटात घालायचं, मंग देवी काय म्हनंल? फसवनूकच ती. आमचं घर मिठावर चालतं, शालू. याच्याहून मोठं सोडायला माज्याकडं हाय काय?"

आमच्या माहेरी नवसाला लोक गोड सोडतात, तूप सोडतात, वांगं सोडतात. मीठ सोडलेलं मी ऐकलं नव्हतं. आज कळतं की त्या बाईने घरातली सगळ्यात मोठी गोष्ट देवीपुढे ठेवली होती. तेव्हा काही कळत नव्हतं. मी ओरडले. भर व्हरांड्यात, सासूच्या अंगावर. "तिकडे त्यांच्या डोक्यात सूज चढतेय! उद्या कवटी उघडणार आहेत!" सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली.

सासूबाईंनी हळूच विचारलं, "मीठ नाय म्हनून?"

"हो. मीठ नाही म्हणून."

त्या भिंतीला धरून खाली बसल्या.

मी आत जाऊन मॅडमना सांगितलं. मला वाटलं, आता त्या झाडतील, आणि खरं सांगते, त्यांनी झाडावं असंच मला वाटत होतं. त्या बाहेर आल्या आणि सासूबाईंच्या समोर फरशीवर उकिडव्या बसल्या. "आजी, मीठ का चढत नाही म्हणून मी डोकं धरून बसले होते. आता कळलं. पेज तुमच्या हातची आहे. काय करायचं ते तुम्हीच सांगा."

सासूबाईंनी पदराची गाठ मुठीत धरून डोळे मिटले. मग म्हणाल्या, "त्याचं मीठ मी देवीकडनं परत मागून घेते. माजं वाढवते."

"वाढवते म्हणजे?" मी विचारलं.

"डोळं उघडून भागनार नाय आता. माज्या हातचं खाईल नि 'बरं झालंय' बोलंल, तवर मी मीठ खानार नाय."

"चालेल," मॅडम म्हणाल्या आणि उठल्या. देवीच्या वतीने सही केल्यासारख्या.

संध्याकाळची पेज मी चाखून आत पाठवली. सलाईनही वाढवलं होतं. सकाळी आकडा घसरला नव्हता. तेवढ्यावर मॅडमनी कवटीचं पुढे ढकललं, आणि दुसऱ्या दिवशी आकडा चढला. मिठानेच वाचले असं मी म्हणत नाही, मॅडमही कधी म्हणाल्या नाहीत. पण त्या दिवसापासून थर्मासमधली पेज मी चाखल्याशिवाय आत सोडली नाही.

पहिला घास

डोळे उघडणं सिनेमात दाखवतात तसं नसतं. आधी पापणी हलते, मग उघडलेले डोळे भिंतीकडे बघतात, मग तुमच्याकडे बघतात आणि तुम्ही भिंतच असल्यासारखं बघतात. श्वासाची नळी निघाल्यावर ह्यांनी मला पहिली हाक मारली ती "सिस्टर, पाणी" अशी. मी पाणी दिलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. तुमच्या बाबतीत असं झालं तर घाबरू नका असं मी लिहिणार होते, पण घाबरालच. नंतर ओळख आली, एवढं लक्षात ठेवा.

मानेतली नळी निघाली. नाकातलीही निघाली आणि तोंडाने भरवायची परवानगी मिळाली. गावाहून मोठे दीर आले होते. सासूबाईंनी पेज केली, मी चाखली, मीठ नेमकं होतं. त्यांनी चमचा ह्यांच्या तोंडाशी नेला. दुसरा हात पदराच्या गाठीवर.  ह्यांनी गिळलं. ठसका लागला नाही.

"कसं झालंय रे मधू?"

हे विचार करत राहिले. मग म्हणाले, "अळणी हाय."

"आये!" मोठे दीर ओरडले. "परत?"

"घातलंय रे! देवाशपथ घातलंय!"

मी चमचा घेऊन पुन्हा चाखली. "दादा, मीठ आहे. बरोबर आहे." पण सगळी हकिगत त्यांच्या कानावर गेलेली होती, त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी शेजारच्या खाटेवरून मीठ मागून आणून पेजेत घातलं. ह्यांनी तीही मुकाट खाल्ली, चवीचं काही बोलले नाहीत. सासूबाईंनी चमचा पदराला पुसला आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मॅडम म्हणाल्या, असे पेशंट काहीही बोलतात, मनावर घेऊ नका. सासूबाईंनी मनावर घेतलं होतं.

भांबुर्डा

रोह्याची खोली बंद ठेवून आम्ही गावी गेलो. घरी आल्यावर सगळं सुटतं असं वाटत असेल तर तसं नाही. हॉस्पिटलात आकडा तरी होता. घरी काहीच नाही. डोकं दुखतंय म्हणाले की मी कपड्यांची पिशवी भरायला घ्यायची. झोपले की मी नाकाशी बोट धरून श्वास बघायची. एकदा डोळे न उघडता म्हणाले, "मेलो नाय अजून." अपघातानंतरची ती पहिली थट्टा. मला इतका आनंद झाला की मीच त्यांना झोपेतून पूर्ण उठवलं.

पण चिडत फार. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत. आणि जेवताना काही म्हणजे काही बोलत नसत. पूर्वी ताटावर बसले की टोमणे मारणारा माणूस, आता घास मोजल्यासारखा खाऊन उठायचा. सासूबाई रोज समोर बसायच्या. रोज विचारायच्या, "कसं झालंय?" हे म्हणायचे, "हाय."

वालाच्या शेवटच्या शेंगा आल्या तेव्हा मोठ्या दिरांनी अंगणात पोपटी लावली. अर्धवट राहिलेलं काम पुरं करायचं म्हणून. जाळ विझला, मडकं उघडलं आणि भांबुर्ड्याच्या वासाने अंगण भरून गेलं. शेजारची माणसं न बोलावता आली. ह्यांनी शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले आणि विचारलं, "दादा, औंदा भांबुर्डा नाय मिळाला काय?"

"म्हंजी?"

"पाल्याचा वास नाय."

सगळे जागच्या जागी थांबले. मी मडक्यातला पाला उचलला, चुरडला आणि ह्यांच्या नाकाखाली धरला. नंतर घासलेटचा बोळा आणला. भाजलेलं सुकट आणलं. हे प्रत्येकाला नाय, नाय म्हणत राहिले आणि आमच्या चेहऱ्यांकडे बघून हळूहळू तेही घाबरले.

दुसऱ्या दिवशी पेणच्या फोनबूथवरून मी मॅडमना फोन लावला. वास नेणाऱ्या बारीक तंतूंना अशा अपघातात इजा होते, त्या म्हणाल्या. काहींना वास परत येतो, पुष्कळांना येत नाही. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू एवढंच कळतं, बाकीची चव सगळी नाकाची. आणि सुरुवातीला इतके दिवस तोंड बंद असलं की जिभेलाही धड कळत नाही.

मोठे दीर सासूबाईंजवळ जाऊन बसले. "आये, तवा तू मीठ घातलेलंस."

"मी तवाच बोललेले," सासूबाई म्हणाल्या.

माझ्या डोक्यात कंपनी होती. गॅस सुटला तर पहिलं नाकाला कळतं. नाक नसलेल्या माणसाला प्लांटमध्ये कोण उभा करील? झालंही तसंच. पुढे त्यांना गेटवरच्या ऑफिसात बसवलं, ते नंतरचं. सासूबाईंच्या डोक्यात दुसरंच होतं. जेवायला बसल्या तेव्हा अगदी शांतपणे म्हणाल्या, "मंग त्याला माज्या हातचं बरं कसं लागनार गो?"

मला क्षणभर कळलं नाही. मग त्यांच्या ताटाकडे लक्ष गेलं. कोरडा भात. शेजारी काही नाही. नवस अजून फिटला नव्हता.

दुसरं मीठ

ऊन वाढलं. मिठागरात तेच दिवस मीठ ओढायचे. सासूबाई दिवसभर त्या पांढऱ्या उन्हात राबायच्या, घाम गाळायच्या आणि घरी येऊन अळणी खायच्या. डोकं दुखतंय म्हणायला लागल्या. ओकारी झाली. एका दुपारी बांधावरून येऊन ओट्यावर बसल्या आणि मला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. जीभ जड.

ही लक्षणं मला पाठ होती. मी त्यांना रिक्षात घालून पेणला नेलं आणि डॉक्टरांना दारातूनच सांगितलं, "रक्तातलं मीठ बघा." त्यांनी बघितलं. "या वयात, या उन्हात, बिनमिठाचं? मेंदूला सूज येईल यांच्या." तेच शब्द. एकाच घरात दुसऱ्यांदा. 

सलाईन लावून घ्यायला त्यांची हरकत नव्हती. "शिरंतनं जातंय, त्ये काय खाल्लेलं नव्हं." पण घरी आल्या आणि ताटात पुन्हा कोरडा भात.

मी ह्यांना बाजूला घेतलं. "एकदा म्हणा ना त्यांना, बरं झालंय म्हणून."

"पन लागत नाय तर कसं बोलू?"

"म्हणायला काय जातं तुमचं?"

"आयेला कळंल."

अपघातानंतर ह्यांना खोटं बोलणं जमत नाही. पाहुण्यांकडचा चहा पाणचट असला तर तोंडावर सांगतात. मला इतकी चीड आली की काय सांगू. एवढा मेंदू वाचला आणि नेमका एवढासा खोटेपणा सांडून गेला!

ओट्यावर बसून विचारणाऱ्यांना माझं उत्तर इथेच आहे. पहिल्यासारखे झाले का? नाही झाले. जे परत आलं ते मात्र खरं आलं.

त्याच दुपारी सासूबाई ह्यांच्यासाठी पेज आणि सुकटाची चटणी घेऊन आल्या, सोबत स्वतःची अळणी पेजेची वाटी. हाताला सलाईनची पट्टी तशीच होती. मी दारात उभी राहिले. त्या समोर बसल्या. विचारलंसुद्धा नाही त्यांनी त्या दिवशी.

ह्यांनी घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. किती वेळ गिळेचनात. मग म्हणाले, "आये."

"काय रे?"

"वास नाय येत मना. येनार बी नाय म्हनतात."

"व्हय."

"पन मीठ लागतंय. बराबर हाय." वाटीकडे बघून त्यांनी मान हलवली. "त्या दिवशी बी बराबर असंल. मनाच कळलं नाय."

सासूबाई पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "बरं झालंय म्हनतोस?"

"मीठ बराबर झालंय. म्हंजी बरं झालंय."

त्यांनी पदर पुढे ओढला. गाठ घामाने आवळून बसली होती, सुटेना, शेवटी दाताने सोडवली. खडा झिजून वालाच्या दाण्याएवढा उरला होता. तो त्यांनी आपल्या वाटीतल्या पेजेत टाकला, बोटाने ढवळला. मी पुढे झाले आणि त्यांच्याजवळ खाली बसले.

त्यांनी पहिला घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"खारट झाली गो," त्या म्हणाल्या, आणि वाटी रिकामी करूनच खाली ठेवली.